कटिंगला सोडायची जागा

दुकानातल्या पडद्यावर ॲप उघडलं
की ते आधी ऐसपैस मांडी घालून बसतं.
डावीकडे यादी, उजवीकडे यादी,
मधोमध लोकांच्या नव्या गाड्या,
वाढदिवस, हार घातलेले फोटो.
खिशातल्या फोनवर तेच ॲप
गांधीबागेतल्या गर्दीत स्कूटर घुसवावी तसं
फटीफटीतून वर सरकत राहतं.

हर्षल म्हणतो, काका,
काऊन त्या डब्ब्यावर बसून राहता?
सारं तर फोनमध्येच आहे ना.

हाव, आहे.
पण फोनवर एन्टर दाबलं तर ओळ खाली जाते,
इथं दाबलं की निरोपच जातो.
"जेवलीस का" लिहून
खाली दुसरी ओळ लिहायची असते,
पहिलीच सुटते हातातून.
तिकडून अंगठा येतो.
दुसरी ओळ मग तशीच राहते
माझ्यापाशी.

मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
अग्रसेन चौकाच्या सिग्नलला
फोननं सरळ सांगून टाकलं:
मी तापलोय, थंड होऊ द्या.
लग्नसराईत असं मला म्हणता येत नाही.
दुकानातला डब्बा बरा,
कूलरसमोर बसतो, खसचा वास घेतो,
घरघरतो, पण आपलं दुखणं
पडद्यावर लिहीत नाही.

आणि इथं बाण आहे.
बाण नावावर नुसता नेऊन ठेवायचा,
दाबायचा नाही.
चैताली धकाते.
छोटासा चौकोन उघडतो:
मुक्काम बंगळुरू, दोघांच्या ओळखीचे सतरा.
बाण हलवला की मिटतो.
कडी न वाजवता
दाराशी उभं राहून परत फिरावं, तसं.
फोनवर पाहायचं तर बोट लावावंच लागतं.
एकदा रात्री अडीचला
तिच्या चार वर्षं जुन्या फोटोवर
बोट घसरलं, बदाम पडला.
उजाडताच तिचा फोन:
बाबा, बरं आहे ना सगळं?

तिच्या नावामागचा तो आडवा फोटो
फुटाळ्यावरचा आहे.
पदवीदान झालं त्या दिवशीचा.
पाच पोरी, मागं पाणी,
आणि अगदी उजव्या कडेला मी,
पाच जणींच्या पर्सा आणि माझं हेल्मेट धरून,
एक डोळा मिटलेला.
तीन वर्षं रोज बघतो.
शटर उचललं, अगरबत्ती लावली, हा फोटो.

दिवाळीत ती आली.
चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन
तिनं आपल्या फोनवर दाखवला,
बघा बाबा, अजून बदलला नाही मी.
पाच पोरी होत्या.
पाणी होतं.
आभाळ माझ्या पडद्यापेक्षा जरा जास्तच होतं.
उजवी कड
पाचवीच्या खांद्यालाच संपत होती.

मी म्हटलं, छान आहे.
तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर हे उघडत नाही,
बंदी आहे म्हणे.
म्हणजे तिनं तो कधी
पूर्ण पाहिलाच नसेल.

सव्वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगतोय,
कडेला पाव इंच सोडा भाऊ,
नावं आत घ्या, कडेचं कटिंगमध्ये जाते.
एकदा नवरदेवाच्या आत्याचं नाव गेलं होतं.
बाराशे पत्रिका पुन्हा छापल्या, फुकट.
आत्या तरी लग्नात बोलली नाही म्हणतात.

हर्षलला परवा दाखवलं, असंच, गंमत म्हणून.
त्यानं मान तिरपी करून दोन्ही पडदे पाहिले.
म्हणाला, काका, दोन मिनिटांचं काम.
दोन्हीकडे पूर्ण बसेल असा करून देतो,
तिला पाठवून द्या.

कसा करशील?

थोडा लहान करावा लागेल ना फोटो.
पोरी जराशा बारक्या दिसतील.

राहू दे बे, म्हटलं.
ते नंदनवनच्या बारशाचं प्रूफ काढ आधी,
पार्टी येऊन राहिली.